लांब केसांचं पिल्लू: केस राखायचे की कापायचे, थांबायचं की बाहेर न्यायचं?

लांब केसांच्या कुत्र्याच्या पिल्लाच्या काखेत दोन बोटं घालून बघा. पाठीवरून हात फिरवला तर रेशमावरून फिरल्यासारखा सुळकन निघतो, पण काखेत, कानामागे, पट्ट्याखाली कातडीलगत बोट अडतं. तिथे वाटाण्याएवढी गाठ असते. आज सुटेल अशी. आठवडाभर राहिली तर आजूबाजूचे केस ओढून घेते आणि तिची जट होते.

आमची चिमी शिह त्झू जातीची कुत्री. पहिले सात महिने मी तिला रोज ब्रश करत होतो, पण वरवर. ग्रूमरने, म्हणजे कुत्र्यांचे केस कापणाऱ्याने, स्टीलचा कंगवा लावला तो कानामागेच थांबला. आतून पूर्ण गुंता होता, सगळे केस मशीनने उतरवावे लागले. केस परत आले. पण त्या दिवसापासून कंगवा दिसला की ती पलंगाखाली जायची, आणि ती भीती जायला चार महिने लागले. म्हणून कोणी विचारलं की लांब केसांच्या पिल्लाचं नेमकं काय काय करावं लागतं, तर मी केसांपासून सुरुवात करत नाही. माणसाचा हात अंगावर आला की या पिल्लाला काय वाटतं, इथून करतो. केस विंचरणं, जगाची ओळख आणि शिकवणं ही तिन्ही कामं त्या हाताशी येऊन मिळतात.

केस राखायचे की छोटे ठेवायचे

आधी केस कोणत्या प्रकारचे आहेत ते बघा, कारण काही पिल्लांच्या बाबतीत हा पर्याय खुला नसतोच. गोल्डन रिट्रीव्हर, पोमेरेनियन, कॉली यांना दुहेरी केस असतात: वर राठ, खाली मऊ दाट लव. हा थर थंडीसारखाच उन्हापासूनही अंगाचं रक्षण करतो. उकाडा होतो म्हणून मशीनने मुळापासून काढला, तर केस विरळ किंवा चट्ट्याचट्ट्यांनी येतात, काहींचे पूर्वीसारखे कधीच येत नाहीत. यांचे पंजे, मांड्यांमागची झालर, शेपटीखालचा भाग नीट कापून घ्यावा, बाकी विंचरावं. माल्टीज, यॉर्कशायर टेरियर, शिह त्झू यांचे केस मात्र आपल्या केसांसारखे वाढत राहतात, ते छोटे ठेवता येतात. पिल्लू मिश्र जातीचं असेल तर जातीच्या नावावर जाऊ नका. पाठीवरचे केस उलटे फुंकून खाली वेगळी लव दिसते का ते पाहा.

लांब केस राखायचे तर रोजची १५-२० मिनिटं धरा. त्यात सुट्टी नाही. डोळ्यांवरचे केस बांधायचे, दाढीतलं अन्न पुसायचं, ओल्या गवतातून आल्यावर पोट आणि पंजे कोरडे करायचे. छोटे ठेवायचे तर आठवड्यातून दोन-तीनदा कंगवा पुरतो, पण दर ४ ते ६ आठवड्यांनी कापणं आलं, म्हणजे मशीनचा आवाज आणि ड्रायरचा वारा हे पिल्लाच्या नेहमीच्या आयुष्याचा भाग होणार. छोटे केस म्हणजे कमी काम हे बरोबर, पण कामच नाही असं समजून बसलेली घरं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या कुत्र्यांच्या काखाही.

माझं मत: पहिलं वर्ष, जातीला चालत असेल तर, छोटे ठेवा. पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठेपणीचे केस येण्याचा काळ सातव्या-आठव्या महिन्यापासून पहिल्या वाढदिवसाच्या पुढेमागे असतो. त्यात जुने केस नव्यात अडकतात आणि सकाळी सोडवलेला भाग संध्याकाळी पुन्हा गुंततो. नेमकं तेव्हाच पिल्लू वयात येत असतं आणि शिकवलेलं विसरल्यासारखं वागतं. दोन्ही एकदम सांभाळणं नवख्याला फार जड जातं.

विंचरण्याची पद्धत मात्र दोन्हींकडे एकच. एका हाताने केस वर धरायचे, खाली भांग पाडायचा, कातडी दिसली पाहिजे. तेवढीच ओळ टोकापासून मुळाकडे थोडी थोडी सोडवत न्यायची, मग वरची ओळ. शेवटी स्टीलचा कंगवा मुळापासून टोकापर्यंत न अडता गेला तरच तो भाग झाला असं समजायचं. गुंता सुटल्याशिवाय आंघोळ घालू नका, भिजून वाळलेली गाठ आणखी आवळते. आणि गाठ कात्रीने कधीच कापू नका. कातडी गाठीबरोबर वर ओढलेली असते, ती केसांत दिसत नाही आणि कात्री तिथेच लागते.

घरी की ग्रूमरकडे

कापणं, घट्ट जटा काढणं, आतली नस न दिसणाऱ्या काळ्या नखांच्या कुत्र्याची नखं कापणं: यासाठी ग्रूमर हवा. त्याचा हात रोज शंभर गोष्टी करून तयार झालेला असतो. पण तो पिल्लाला महिन्यातून एकदा भेटतो, मधल्या २९ दिवसांची भरपाई तो करू शकत नाही. निवडताना कामाच्या फोटोंपेक्षा तीन प्रश्न विचारा: पहिल्या वेळी मी जवळ थांबू का? पिल्लू घाबरलं तर तुम्ही काम थांबवता का? ड्रायर कसा वापरता? पहिली फेरी फक्त टेबलावर उभं राहणं, खाऊ खाणं आणि बंद मशीन हुंगणं एवढीच ठेवायला जो तयार होईल, त्याच्याकडे जा.

लसी पूर्ण होईपर्यंत थांबायचं की आधीच बाहेर न्यायचं

इथे बहुतेक घरं अडकतात, आणि अडकणं साहजिक आहे. पार्वोचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो आणि पिल्लाचा जीव घेतो. लसींचे डोस ६ ते ८ आठवड्यांच्या वयात सुरू होतात आणि शेवटचा १६ आठवड्यांनंतर द्यावा असा पशुवैद्यकांचा सल्ला असतो. पण नव्या गोष्टी सहज स्वीकारण्याची पिल्लाच्या मनाची खिडकी साधारण तिसऱ्या आठवड्यात उघडते आणि १२ ते १४ आठवड्यांत मिटू लागते. लसी संपेपर्यंत घरात ठेवलेलं पिल्लू सुरक्षित राहतं, पण बाहेर येतं तेव्हा खिडकी जवळजवळ बंद झालेली असते. अमेरिकेतल्या प्राणीवर्तन पशुवैद्यकांच्या संघटनेने २००८ मध्ये जाहीर भूमिका घेतली होती की पहिली लस होऊन किमान ७ दिवस झाले असतील आणि जंतांचं पहिलं औषध दिलेलं असेल, तर ७-८ आठवड्यांचं पिल्लू स्वच्छ जागेतल्या पिल्लांच्या प्रशिक्षण वर्गाला जाऊ शकतं.

मी तिकडेच झुकतो, तुमच्या भागात पार्वोची साथ आहे का हे डॉक्टरांना विचारून. पिल्लाला कडेवर घेऊन बाहेर पडा. रहदारी, छत्री, काठी टेकत चालणारी माणसं, लहान मुलांचा आरडाओरडा हे सगळं उचलून दाखवता येतं. ओळखीच्या, लस झालेल्या शांत कुत्र्याच्या घरी न्या. अनोळखी कुत्री फिरतात त्या मातीवर मात्र खाली सोडू नका.

केसाळ पिल्लाची एक वेगळी अडचण आहे. त्याला जग जास्त हात लावतं. रस्त्यावरचा प्रत्येक माणूस ‘किती गोड’ म्हणत वरून हात आणतो, आणि डोळ्यांवर केस असलेल्या पिल्लाला तो हात डोक्यावर पडल्यावरच कळतो. म्हणून डोळे मोकळे ठेवा. लोकांना बसायला सांगा, पिल्लू स्वतःहून पुढे गेलं तर छातीवर खाजवू द्या, मागे सरकलं तर विषय संपला. दिवसात दहा अनोळखी हात लागण्यापेक्षा लांबून शांतपणे पाहिलेली दहा माणसं जास्त कामाची.

वर्ग की घर, खाऊ की दटावणी

वर्ग आणि घर यांत फार डोकं शिणवायला नको. वर्गात पिल्लू इतर पिल्लं असताना तुमच्याकडे लक्ष द्यायला शिकतं, घरी बाकीचं सगळं. दोन-दोन मिनिटांची चार सत्रं एका लांब तासापेक्षा बरी.

खाऊ की दटावणी या प्रश्नावर मात्र मी ठाम आहे. पोर्तुगालमधल्या प्रशिक्षण शाळांतल्या ९२ कुत्र्यांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या शाळांत पट्ट्याला झटके देणं, ओरडणं यांवर भर होता, तिथल्या कुत्र्यांत ताणाची लक्षणं जास्त दिसली आणि प्रशिक्षणानंतर लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरकही जास्त वाढलेलं आढळलं. आखूड केसांच्या कुत्र्यावर हात उगारून तुम्ही कदाचित निभावून न्याल. लांब केसांच्या कुत्र्याला पुढची दहा-बारा वर्षं तोच हात रोज काखेत घालू द्यायचा आहे.

चिमीला आम्ही हनुवटी ठेवायला शिकवलं. मांडीवर घडी केलेला टॉवेल. तिने हनुवटी टेकली की खाऊ. मग टेकलेली असताना कंगव्याचा एक स्पर्श आणि खाऊ, मग एक ओळ आणि खाऊ. हनुवटी उचलली की कंगवा थांबतो, दर वेळी, गुंता अर्धा राहिला तरी. पहिले काही दिवस ती सारखी उचलून पाहायची, खरंच थांबतोय का ते. आता कंगव्याचा डबा उघडल्याचा आवाज आला की टॉवेल असेल तिथे येऊन बसते. काल संध्याकाळी तिने दोनदा हनुवटी उचलली. उजवी काख राहिली होती, ती आज सकाळी केली.