रीफ टाकीचा चिलर: एक ऑक्टोबर आणि एक मे काढल्यावर

रीफ टाकी म्हणजे कोरल (प्रवाळ) आणि माशांची खाऱ्या पाण्याची टाकी. माझी 250 लिटरची, रत्नागिरीत, जांभ्याच्या जुन्या घरात. पाव एचपीचा चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, गेल्या सप्टेंबरात घेतला. ऑक्टोबरचं ऊन आणि अख्खा उन्हाळा त्याच्यावर निघाला. आता मृग लागलाय, जरा निवांतपणे लिहितोय.

आधीची दोन वर्षं पंख्यांवर काढली. पुण्याचा मित्र म्हणाला होता, "पाण्यावर दोन छोटे पंखे लाव, बास." त्याचं खोटं नव्हतं. पंखा पाणी गार करतो ते बाष्पीभवनाने, आणि पुण्याची एप्रिलमधली कोरडी हवा वाफ पटकन उचलते. आमच्याकडे पारा 33 च्या आसपास अडतो खरा, पण हवाच ओली. दोरीवरचा टॉवेल वाळत नाही, तिथे टाकी काय गार होणार? मार्चात दोन-अडीच अंश उतरायचे, मे संपत आला की एकसुद्धा मुश्किलीने. वर रोज चार-पाच लिटर पाणी उडायचं. उडतं ते नुसतं पाणी, मीठ टाकीतच राहतं, म्हणून भर आरओच्या गोड्या पाण्याचीच घालायची. मी सुरुवातीला खारं पाणी ओतत बसलो आणि रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायचं साधन) 1.030, म्हणजे नको तितकं खारट, बघून हबकलो.

पंख्यांवर काढलेल्या एका मेमध्ये पाणी 31 वर गेलं. लेदर कोरल (मऊ जातीचं) आठवडाभर मिटून, जुन्या चपलेच्या तळव्यासारखं पडून होतं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यामुळे क्लाऊनफिश वर येऊन धापा टाकायचे. (दगडी कोरल मी ठेवत नाही. त्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, त्या भानगडीत पडू नका.)

चिलर आणला आणि पहिली चूक केली: टाकीखालच्या कपाटात ठेवला. यंत्र पाण्यातली उष्णता काढून मागून बाहेर फेकतं. कपाटात तीच गरम हवा ते पुन्हा ओढत राहिलं. दिवसभर घरघर, पाणी 28 च्या खाली नाही, खोलीची भट्टी. आई म्हणाली, "समुद्र दारात असताना माशांना फ्रीज, आणि आम्ही घामाघूम!" शेवटी गवंड्याकडून जांभ्याला दीड फुटाचं आरपार भोक पाडून घेतलं, चिलर पडवीत गेला, नळ्या भिंतीतून. तेव्हापासून 26 वर सेट आहे, 27 ला सुरू होतो. मेमध्ये एक अंश उतरवायला अर्धा-पाऊण तास आणि दिवसाला तीनेक युनिट.

वळवाच्या पहिल्या पावसात सहा तास वीज नव्हती. गोठवलेल्या बाटल्या टाकीत सोडल्या. एक लिटरच्या बाटलीने अर्धा अंशही उतरत नाही, हे तेव्हा कळलं. खरं सांभाळलं ते बॅटरीवरच्या हवेच्या पंपाने. आधी तो घ्या, चिलर नंतर.

तक्रार एकच. सात महिन्यांत कंडेन्सरच्या (चिलरचा उष्णता बाहेर टाकणारा भाग) पट्ट्या गंजून पांढऱ्या झाल्या, काही बोटाने चुरतात. विक्रेत्याला फोटो पाठवला तर उत्तर आलं, खाऱ्या हवेमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. विकलंय ते खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठीच! तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी स्विच बंद करून पट्ट्यांवर गोड्या पाण्याचा फवारा मारतो, आणि पडवीतल्या पालीला पंख्याच्या जाळीतून हुसकावतो.