ब्रेकच्या डिस्क घासून दिल्या आणि म्हणे लेथवर मारल्या! घोडबंदर रोडवर फसलो ते सांगतो

गणपतीला बारा दिवस गावी गेलो होतो, रेल्वेनेच, कारण हायवेची अवस्था सगळ्यांना माहितीये. गाडी कासारवडवलीला सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये पावसात उभी. परत आलो, सकाळी पोराला शाळेत सोडायला काढली तर पुढच्या चाकांतून खर्रर्र खर्रर्र आवाज. वाकून बघितलं तर ब्रेकच्या डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकड्या, लालभडक गंजलेल्या.

आता मला तेव्हा हे माहीतच नव्हतं की डिस्क असते बिडाची, ब्रेक मारल्यावर तिला दाबून धरणारा पॅड जिथे घासतो तिथे रंग नसतो, त्यामुळे पावसात एक रात्र उभी राहिली तरी गंज येतो आणि पाच-दहा वेळा नीट ब्रेक मारले की पॅडच तो पुसून काढतो. माझाही आवाज शाळेपर्यंत जाताना निम्मा गेलाच होता. पण मला कुठली बुद्धी, परतताना हवा भरायला सर्व्हिस रोडवरच्या एका गॅरेजला थांबलो आणि सहज विचारलं.

त्याने चाक काढलं, डिस्कवरून बोट फिरवून लाल पावडर माझ्यासमोर धरली आणि म्हणाला, "दादा, लहान मुलगा बसतो ना गाडीत? गायमुखच्या उतारावर ब्रेक लागले नाहीत तर काय करणार?" बस, तिथेच मी संपलो. डिस्क लेथवर मारून फेस घ्यायचे (म्हणजे मशीनवर फिरवत वरचा पातळ थर कापून सपाट करायचे) १८००, नवीन पॅड १९००, क्लीनिंग स्प्रे आणि मजुरी ५००. एकूण ४२००. लेथ मागेच आहे म्हणाला, तुम्ही चहा घेऊन या.

मागून घूंऽऽ असा आवाज येत होता, मी कटिंग पीत समाधानात की काम चाललंय. वीस-पंचवीस मिनिटांत गाडी तयार, डिस्क चकाचक. बिल मागितलं तर "प्रिंटर बंद आहे साहेब". पैसे ऑनलाइन दिले, नाव आलं कुठल्यातरी जनरल स्टोअर्सचं, तेव्हाही डोक्यात ट्यूब पेटली नाही.

तिसऱ्या दिवशी माजिवडा फ्लायओव्हर उतरताना ७०च्या आसपास ब्रेक मारला तर स्टिअरिंग थरथरायला लागलं आणि पायाखाली पेडल धकधक धकधक. परत गेलो तर म्हणे पॅड सेट होतायत, ५०० किलोमीटर चालवा. आता नवीन पॅड बसायला थोडं रनिंग लागतं हे खरंच आहे, म्हणून मी गप्प बसलो. दुसऱ्यांदा गेलो तर म्हणे व्हील बॅलन्सिंग करून घ्या. तिसऱ्यांदा म्हणाला तुम्ही ब्रेक फार जोरात मारता!!

शेवटी ऑफिसमधल्या एकाने वागळे इस्टेटमधल्या एका लेथवाल्या काकांकडे पाठवलं. त्यांनी डिस्क हातात घेतली आणि अजून मोजलंही नव्हतं तोवर म्हणाले, "ही लेथ बघितलेली डिस्क नाही रे बाबा." लेथवर टूल फिरलं की मधल्या भोकाभोवती एकसारख्या बारीक गोल रेघा येतात. माझ्या डिस्कवर सगळीकडे आडवेतिडवे अर्धवट ओरखडे, म्हणजे हातातल्या ग्राइंडरला पॉलिश पेपरची चकती लावून घासलेलं. तो घूं आवाज त्याचाच होता. आणि दोन डिस्क नीट सेट करून दोन्ही बाजू घ्यायच्या तर वीस मिनिटांत होतच नाही, तास-दीड तास जातो म्हणाले.

मग जाडी मोजायचा मायक्रोमीटर लावला. डिस्कच्या कडेला किमान जाडी कोरलेली असते, माझ्या डिस्कवर २० मिमी आहे (मी सात वर्षं गाडी चालवतोय, कधी बघितलं नव्हतं). उजवी एके ठिकाणी १९.७ भरली, म्हणजे मोडीत. डावी २०.१, पण एकाच डिस्कवर आठ ठिकाणी मोजल्यावर ०.०८ मिमीचा फरक, साधारण केसाच्या जाडीएवढा. तेवढ्यानेसुद्धा पेडल नाचतं, आणि तो काढायला दोन्ही बाजू घेतल्या की तीपण २०च्या खाली. शिवाय डिस्क जोडीनेच बदलायच्या असतात. म्हणजे चांगल्या डिस्क मी पैसे देऊन मारून घेतल्या.

पॅडचं तर विचारूच नका. पॅडच्या पाठच्या लोखंडी पट्टीवरचा (बॅकप्लेट) काळा स्प्रे नखाने खरवडला तर खाली जुना गंज. माझेच पॅड पेपरने घासून परत बसवलेले, १९००ला!

नवीन डिस्क, खरे पॅड आणि फिटिंग मिळून साडेनऊ हजार गेले. काकांच्या ओळखीच्या मेकॅनिकने डिस्क बसवायच्या आधी हबचा फेस (डिस्क जिथे टेकते तो भाग) वायर ब्रशने साफ केला, तिथे गंजाचा पापुद्रा राहिला तर नवी डिस्कही वाकडी फिरते म्हणे, आणि डिस्कवरचं पॅकिंगचं तेल ब्रेक क्लीनरने पुसून घेतलं. जुने पॅड न मागता माझ्या हातात दिले. मी पहिल्या ठिकाणी हे मागितलं असतं ना, तर खेळ तिथेच उघडा पडला असता.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन केला, त्यांनी पहिलं विचारलं बिल आहे का. माझ्याकडे आहे जनरल स्टोअर्सच्या नावाचा ४२०० रुपयांचा स्क्रीनशॉट. तोच लावून तक्रार टाकलीये, आणि मोडीतल्या दोन्ही डिस्क अजून बाल्कनीत ठेवल्यात, बायको रोज विचारते भंगारात कधी देणार.