दुसरीच्या वर्गावर नव्या मॅडम: शाळेला पाचपैकी अडीच

पुण्याच्या पश्चिम उपनगरातली ही इंग्रजी माध्यमाची स्वयंअर्थसहाय्यित शाळा. इमारत स्वच्छ, बस वेळेवर, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृहं चांगली. अडीच गुण त्याचे. उरलेले गेले ते दुसरीच्या एका तुकडीवर, आणि त्यात नव्या वर्गशिक्षिकेचा दोष सर्वांत कमी आहे, हे आधीच सांगायला हवं.

मॅडमची ही पहिली नोकरी. पालकांच्या तक्रारी तीन: वजाबाकी येत नाही, वह्या नीट तपासल्या जात नाहीत, वर्गात गोंगाट असतो.

वजाबाकी घ्या. ५२ वजा २७ चं उत्तर कितीतरी वह्यांत ३५ आहे. दोनातून सात जात नाहीत, म्हणून मूल सातातून दोन काढतं. मॅडम लाल फुली मारून शेजारी २५ लिहितात, मूल ते खाली उतरवतं, आणि पुढच्या आठवड्यात ६३ वजा २८ चं उत्तर ४५ येतं. सगळ्या वह्यांत चूक एकाच जातीची आहे; म्हणजे हा निष्काळजीपणा नाही, दशक सुटा करणं मुलांना समजलेलंच नाही. यावर जाणत्या शिक्षिका काड्या काढतात. दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. एक गठ्ठा सोडला की बारा सुट्या. त्यातल्या सात बाजूला, उरल्या पाच. उरलेल्या चार गठ्ठ्यांतले दोन बाजूला, उरले दोन. हे तीन-चार तास हातांनी झाल्यावर मग उभी मांडणी. हे साहित्य शाळेच्या कपाटात आहे. ते कधी आणि कशासाठी बाहेर काढायचं, हे नव्या शिक्षिकेला कुणी दाखवलेलं नाही.

‘मॅडम बीएड आहेत’ हे कार्यालयाचं ठरलेलं उत्तर. पण बीएडचा भर वरच्या वर्गांना विषय शिकवण्यावर असतो. पहिली ते पाचवीसाठी किमान पात्रता आहे बारावीला ५० टक्के, दोन वर्षांचं डीएलएड (पूर्वीचं डीएड) आणि टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१८ मध्ये बीएडधारकांना प्राथमिकचा दरवाजा उघडला होता. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात तो बंद केला. टीईटीतही पहिली ते पाचवीसाठी पहिला पेपर असतो, सहावी ते आठवीसाठी दुसरा. म्हणून ‘टीईटी झाली आहे का’ एवढंच विचारून भागत नाही. कोणता पेपर, हेही विचारा.

वह्यांचा हिशेब तर सरळ आहे. पट ४२. विषय चार, प्रत्येकाच्या वर्गपाठाची आणि गृहपाठाची वही वेगळी, म्हणजे ३३६ वह्या. एका वहीला एक मिनिट धरलं तरी साडेपाच तासांहून जास्त. मॅडमना आठवड्यात मोकळे तास चार, ३५ मिनिटांचे, आणि त्यातलेही दोन गैरहजर शिक्षकाच्या वर्गावर ऑफ तास म्हणून जातात. मग वहीत फक्त सही दिसते, याचं नवल नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाचे आठवड्याला ४५ तास धरले आहेत ते पूर्वतयारीसकट. त्याच अनुसूचीत २०० हून जास्त पटाच्या प्राथमिक शाळेत एका शिक्षकामागे ४० पेक्षा जास्त मुलं नसावीत असं आहे. पण ते प्रमाण पूर्ण शाळेचं मोजलं जातं, त्यामुळे चित्रकला-पीटीचे शिक्षक धरून कागदावर सगळं बसतं.

गोंगाटाचं कारण गृहपाठ फळ्यावरून उतरवणं. पंधरा मुलं पाच मिनिटांत मोकळी होतात, उरलेल्यांना बारा लागतात, आणि मोकळ्यांना काम नसतं. छापील चिठ्ठी डायरीत चिकटवली तर हा प्रश्न सुटेल. गोंगाट करणाऱ्यांना बाकावर उभं करणं मात्र ताबडतोब थांबलं पाहिजे. शिक्षणहक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेइतकंच मानसिक छळालाही मनाई करतं.

मॅडमचं चांगलंही आहे. गोष्ट वाचून दाखवताना वर्ग शांत असतो, मुलं त्यांच्याकडे धावत जातात, पालकांनी दाखवलेली चूक त्या मान्य करतात. अशा शिक्षिकेला वरच्या तुकडीच्या अनुभवी बाईंचे आठवड्याला दोन पाठ बघायला मिळाले, आणि पर्यवेक्षिकांनी टाचणवही (पाठाच्या तयारीची वही) पाहून, वर्गात बसून लॉगबुकमध्ये (पाठ पाहिल्यावरच्या शेऱ्यांच्या वहीत) नेमकं लिहिलं, तर दिवाळीनंतर वर्ग सावरू शकतो. शाळा ते करत नाही. उलट नेमणुकीची ऑर्डर अकरा महिन्यांची देते, त्यामुळे हाताखाली तयार झालेली माणसं दरवर्षी निघून जातात. पहिली ते चौथीच्या आठ तुकड्यांवर जुन्या बाई तीनच उरल्या आहेत. फी मात्र दरवर्षी वाढते.

तक्रार करायची तर व्हॉट्सॅप ग्रुपवर मॅडमच्या नावाने नको. त्याने त्या फक्त घाबरतील आणि वह्यांवर आणखी सह्या करतील. पाच-सहा मुलांच्या एकाच चुकीच्या पानांच्या झेरॉक्स, सोबत अर्ज, आधी पर्यवेक्षिका, मग मुख्याध्यापिका. कार्यालयात अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक घ्यावा. तरी हललं नाही तर शिक्षक-पालक संघाच्या कार्यकारी समितीपुढे विषय न्यावा. २०११ च्या शुल्क कायद्यानुसार ही समिती प्रत्येक खाजगी शाळेत असायलाच हवी. मागणी एकच ठेवा: मोकळे तास आणि मार्गदर्शक शिक्षिका. ‘मॅडम बदला’ म्हटलं तर वर्षाच्या मध्यात आणखी एक नवखी शिक्षिका येईल.

पुढच्या वर्षी प्रवेश घेणाऱ्यांनी फॉर्म भरण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: तुकडीचा पट, वर्गशिक्षिकेची पात्रता, आणि त्या या शाळेत किती वर्षं आहेत. पाचवीपासून वरचे वर्ग तुलनेने बरे आहेत. पहिली-दुसरीसाठी सध्या ही शाळा सुचवणार नाही.