बारावीनंतर थेट लॉ, की आधी बीए?

भाचीने परवा दोन्ही माहितीपत्रकं माझ्यासमोर ठेवली. एक पाच वर्षांच्या बीए एलएलबीचं, दुसरं साध्या बीएचं. "मावशी, तूच सांग."

हिशेब सोपा आहे. बारावीनंतर एकत्रित अभ्यासक्रम घेतला तर ५ वर्षं. बीए करून मग एलएलबी म्हणजे ३ अधिक ३, एकूण ६. सीईटी दोन्हीकडे आहेच. बार कौन्सिलच्या (वकिलीचं शिक्षण आणि व्यवसाय यांचं नियमन करणाऱ्या संस्थेच्या) नियमांत पाच वर्षांचा अभ्यासक्रम घेणाऱ्यांना किमान २० आठवड्यांची इंटर्नशिप आहे, तीन वर्षांची एलएलबी करणाऱ्यांना १२. वकिलाच्या ऑफिसात बसून वकालतनामा (अशिलाने वकिलाला दिलेलं अधिकारपत्र), मुदत, तारीख हे सगळं लवकर अंगवळणी पडतं.

पण मला बीएचीच बाजू जड वाटते. भाचीला इतिहास मनापासून आवडतो; त्या माहितीपत्रकात तिने मध्ययुगीन भारताच्या पेपरखाली पेन्सिलने रेघ मारली होती. एकत्रित अभ्यासक्रमात इतिहास, राज्यशास्त्र असतं, पण कायद्याच्या पेपरांच्या गर्दीत. शिवाय तीन वर्षांनी कायदा नकोसा वाटला, तर हातात पूर्ण पदवी असते.

कोर्टात उभं राहायचं हे आजच पक्कं असेल, तर मात्र पाच वर्षांचाच घ्यावा. तिचं अजून तसं नाही.