होमब्रूची साफसफाई : काही महिन्यांच्या वापरानंतर

मॅकची डिस्क 256 जीबीची असली आणि होमब्रूमधून (टर्मिनलमध्ये आज्ञा देऊन सॉफ्टवेअर बसवण्याचे साधन) पॅकेजे, म्हणजे तयार प्रोग्राम, बसवण्याची सवय असली, की जागा संपत आल्याची सूचना आज ना उद्या येतेच. गेले काही महिने ही आवराआवर नियमितपणे केल्यावर माझे मत असे झाले आहे की, 'ब्रू क्लीनअप' ही होमब्रूची सफाईची आज्ञा भरवशाची आहे, परंतु बरीचशी जागा ती ज्याला हात लावत नाही तिथेच अडकलेली असते.

होमब्रूच्या 2019 मधील 2.0 आवृत्तीपासून ही सफाई साधारण दर 30 दिवसांनी आपोआप होते. पॅकेजांच्या मागे पडलेल्या आवृत्त्या आणि 120 दिवसांहून जुने डाउनलोड त्यात निघतात. चालू आवृत्त्यांचे त्याहून ताजे डाउनलोड मात्र कॅशमध्ये (डाउनलोड साठवण्याच्या फोल्डरमध्ये) तसेच राहतात, आणि तेही घालवायचे असतील तर 'प्रून' या पर्यायाला 'ऑल' हे मूल्य द्यावे लागते. आधी 'ड्राय-रन' लावून काय काय जाणार आहे, याची यादी पाहून घेणे उत्तम.

मोठी जागा मिळाली ती मात्र अनपेक्षित ठिकाणी. फेब्रुवारी 2023 मध्ये आलेल्या 4.0 पर्यंत सर्व फॉर्म्युल्यांची, म्हणजे पॅकेज कसे बसवायचे हे सांगणाऱ्या फाइलींची, गिट रिपॉझिटरी (बदलांच्या नोंदींसह ठेवलेला संग्रह), तिच्या संपूर्ण इतिहासासह, प्रत्येकाच्या मशिनवर उतरवली जात असे. आता ही माहिती जेसन या साध्या मजकुराच्या स्वरूपात थेट इंटरनेटवरून मिळते, तरीही जुन्या मॅकवर ती रिपॉझिटरी निमूटपणे पडून असते. स्वतः फॉर्म्युले लिहिणाऱ्यांचे काम तिच्यावाचून अडेल. इतरांनी 'होमब्रू/कोअर' आणि 'होमब्रू/कास्क' (कास्क म्हणजे खिडकीत चालणारी तयार अॅप्स) हे संग्रह खुशाल अनटॅप करावेत, म्हणजे मशिनवरून काढून टाकावेत.

त्यानंतर उपयोगी पडली ती 'ब्रू लीव्ह्ज' ही आज्ञा. दुसऱ्या कोणत्याही पॅकेजाला ज्यांची गरज नाही, अशीच पॅकेजे ती दाखवते. कधीतरी एका व्हिडिओपुरते बसवलेले एफएफएमपेग (व्हिडिओ रूपांतराचे साधन) या यादीत सापडते, आणि ते काढून 'ब्रू ऑटोरिमूव्ह' चालवले की त्याच्याबरोबर आलेली एक्स265सारखी अवलंबित्वेही (त्याला लागणारी इतर पॅकेजे), अन्य कोणी वापरत नसल्यास, निघून जातात.

दोन बाबतींत मात्र सावध राहावे. पोस्टग्रेस हा डेटाबेस अनइन्स्टॉल केला तरी त्याचा डेटा होमब्रूच्या 'व्हार' फोल्डरमध्ये शिल्लक राहतो, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. डंप (डेटाची फाइलमध्ये काढलेली प्रत) घेतल्याखेरीज तो फोल्डर उडवू नये. कास्कसाठी असलेला 'झॅप' हा पर्याय याच्या अगदी उलट वागतो : तो अॅपच्या सेटिंग्जही पुसतो, आणि एखादी फाइल दोन अॅप्स मिळून वापरत असतील तर तीही त्यात जाऊ शकते.

एवढे करूनही मोकळ्या जागेचा आकडा हलला नाही, तर होमब्रूला दोष देऊ नये. टाइम मशीन ही बॅकअपची सोय चालू असलेल्या मॅकवर पुसलेल्या फाइली स्थानिक स्नॅपशॉटमध्ये (डिस्कच्या त्या वेळच्या स्थितीच्या नोंदीत) धरून ठेवलेल्या असतात आणि हे स्नॅपशॉट साधारण 24 तासांनी आपोआप जातात. तेव्हा हिशेब दुसऱ्या दिवशी करावा.