रोजचं ताट, सणाचं ताट: जेवणाच्या टेबलासाठी नेमकं काय घ्यावं?

नवं घर लागलं, डायनिंग टेबल आलं, आणि आता त्यावर काय मांडायचं हा प्रश्न उरला. दुकानात गेलं की उत्तर तयारच असतं: डिनर सेट. सहा मोठ्या प्लेट, सहा छोट्या, सहा किंवा बारा वाट्या, झाकणाची एक-दोन भांडी, सगळ्यावर एकच फूल. खोक्यावरच्या फोटोत टेबल सुंदर दिसतं, कारण त्या फोटोत आमटी नसते.

आपल्या जेवणाचा अर्धा भाग पातळ असतो. वरण, आमटी, कढी, रस्सा, ताक. सणाला त्यात कटाची आमटी, मठ्ठा आणि बासुंदी किंवा आमरस. म्हणून माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकते: मराठी घरात टेबलाची शोभा प्लेटवर कमी आणि वाट्यांवर जास्त ठरते. खरेदीही त्याच क्रमाने करावी.

स्टीलचं ताट की ओपलची प्लेट?

रोजच्यासाठी खरी लढत या दोघांतच आहे. ओपल म्हणजे लाओपाला किंवा बोरोसिलच्या लारासारखी पांढरी, पातळ, कडक केलेली काच. दिसायला नीटस, हळद धरत नाही, मायक्रोवेव्हमध्ये चालते (सोनेरी काठ असेल तर मात्र नाही). सहजी फुटत नाही, पण फुटली तर बारीक ठिकऱ्या होतात आणि त्या आठवडाभर फ्रिजखालून निघत राहतात. स्टीलचा चमचा घासला की तिच्यावर करड्या रेघा उमटतात, हे दुकानदार सांगत नाही.

आता फूटपट्टी घ्या. २७ सेंटीमीटरच्या प्लेटचा काठ बाहेर उतरता असतो, त्यामुळे सपाट तळ साधारण १९ सेंटीमीटरचा उरतो. नऊ सेंटीमीटरच्या दोन वाट्या शेजारी ठेवल्या की तो संपला. पोळी कुठे ठेवायची? भाताची मूद कुठे पाडायची? मग वाट्या प्लेटबाहेर मॅटवर येतात आणि प्रत्येक घासाला वाटी ते तोंड असा प्रवास टेबलावरून होतो. थेंब पडायचे ते पडतातच. याउलट ३० सेंटीमीटरच्या ताटाचा काठ उभा असतो, तळ जवळपास २८ सेंटीमीटर सपाट मिळतो. गणित केलं तर ही जागा प्लेटच्या दुपटीहून जास्त भरते. दोन वाट्या, घडीची पोळी, भाजी, भात आणि डावीकडची चटणी-कोशिंबीर सगळं आत बसतं, आणि भाताभोवती वरण पसरलं तरी काठ त्याला अडवतो. ताटाचा तो उभा काठ उगाच आलेला नाही.

स्टीलच्या विरोधात लोक दोन गोष्टी सांगतात: आवाज आणि 'मेस'सारखं दिसणं. आवाज काचेच्या टेबलावर जास्त होतो, खाली जाड मॅट घातली की बराच बसतो. मेसचा आरोप मात्र मुख्यतः कप्पे पाडलेल्या ताटांमुळे आला आहे, ती घेऊ नका. साधं, मॅट (म्हणजे चकाकी नसलेल्या) फिनिशचं, जरा जड ताट घ्या आणि त्याच फिनिशच्या वाट्या. चकचकीत आरशासारख्या स्टीलवर दोन महिन्यांत ओरखडे दिसू लागतात, मॅट फिनिशवर ते लपतात.

घेताना ३०४ या स्टीलच्या प्रतीचा शिक्का बघा. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ या प्रतीत निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं, ते स्वस्त पडतं पण मीठ-आंबटाला तितकं टिकत नाही. चुंबक लावून बघायचा सल्ला घरोघरी दिला जातो, पण ३०४ आणि २०२ या दोघांनाही चुंबक सहसा चिकटत नाही, त्यामुळे त्या परीक्षेत दोघंही पास. शिक्का आणि ओळखीचं दुकान, यावरच भिस्त.

मेलामाइनचा विचार रोजच्या गरम जेवणासाठी करूच नका. मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही, गरम आंबट पदार्थ त्यात ठेवू नयेत, आणि हळदीने वर्षभरात पिवळं पडतं. बोन चायना सुंदर असते, पण त्यात खरोखरच हाडांची राख असते. घरात किंवा पाहुण्यांत कुणाला ते चालत नसेल तर हाडांशिवायची फाइन चायना मिळते, विचारून घ्या. खुर्ज्याच्या मातीच्या रंगीत प्लेट हल्ली फार दिसतात. न्याहारीला त्या मस्त, पण जड असतात, कड उडते, आणि काही प्लेटच्या तळाची खरखरीत कड टेबलाच्या काचेवर चरे पाडते. काळ्या-निळ्या प्लेटबद्दल एकच सांगते: काळ्या मसाल्याची आमटी काळ्या प्लेटमध्ये दिसतच नाही.

तेव्हा रोजच्यासाठी स्टील. घरात मायक्रोवेव्हमध्ये ताट गरम करून उशिरा जेवणारं कुणी असेल, तर त्या माणसापुरत्या दोन ओपलच्या प्लेट सुट्या घ्याव्या.

सणाला: पितळ, केळीचं पान की 'चांगला' सेट?

इथे मन पटकन पितळेकडे जातं. पाडव्याला पितळी ताटात श्रीखंड-पुरी, शेजारी पितळी पेला; फोटो छानच येतो. पण श्रीखंड आंबट आहे, कोशिंबिरीत दही आहे, लिंबाची फोड आहे, मठ्ठा आहे. बिनकल्हईच्या पितळेला आंबट चालत नाही, तांबं त्यात उतरतं. कल्हई केलेली असेल तर हरकत नाही, पण ती झिजते आणि पुन्हा करून घ्यावी लागते. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीसारखी जागा जवळ असेल तर ठीक, नवी मुंबईच्या टॉवरमध्ये कल्हईवाला शोधून बघा. आणि सणाच्या दुसऱ्या दिवशी बारा ताटं पितांबरीने कोण घासणार, हे घेण्याआधी घरात ठरवून घ्यावं. कांस्याचं ताट पितळेपेक्षा सोज्ज्वळ आणि आंबटाला थोडं सोशिक, पण फार काळ आंबट राहिलं तर त्यालाही डाग येतात, आणि किंमत चांगलीच बसते. मी म्हणेन, पितळ टेबलावर असावं पण ताटाच्या रूपात नको. तुपाची लोटी, पाण्याचा तांब्या, झेंडू ठेवायला गडू. तेवढ्या तीन वस्तूंनी टेबल सणाचं दिसतं आणि घासायलाही तीनच.

केळीच्या पानाशी मात्र कुणाची बरोबरी होत नाही. गरम भात पडला की पानाचा जो वास सुटतो तो कुठल्याच प्लेटला येत नाही, आणि पांढरा भात, पिवळं वरण, लाल कोशिंबीर हे रंग हिरव्यावर जसे उठतात तसे पांढऱ्या काचेवर उठत नाहीत. पांढऱ्या प्लेटमध्ये भाताची मूद अर्धी हरवतेच. अडचण जागेची असते. अख्खं पान टेबलावर मावत नाही; साधारण ४५ सेंटीमीटरचा तुकडा एका माणसाला पुरतो, टोक जेवणाऱ्याच्या डावीकडे. पान पुसून गॅसच्या आचेवरून क्षणभर फिरवलं की मऊ होतं आणि शिरेपाशी फाटत नाही. पण कटाची आमटी पानावर वाढू नका, सपाट टेबलावर ती थेट मांडीवर येते. वाटी द्या.

मला यातला मधला मार्ग सर्वात आवडतो: रोजचंच स्टीलचं ताट, त्यात बसेल असा पानाचा गोल कापून घातलेला. आमटी काठात राहते, रंग पानाचा मिळतो, पितळ घासावं लागत नाही, आणि वेगळा सेट ठेवायला कपाट लागत नाही. परदेशातल्या मंडळींना दक्षिण भारतीय किंवा आशियाई दुकानांत गोठवलेली केळीची पानं मिळतात. त्यांचा बर्फ पूर्ण वितळू दिला आणि ती पुसून घेतली की या कामाला अगदी चालतात.

माणसं पंचवीस-तीस असतील तर पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण घ्या. थर्माकोलच्या ताटल्यांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, तरी कुठे कुठे 'स्टॉक आहे' म्हणून पुढे केल्या जातात. द्रोण मात्र पातळ पदार्थाला एकेकटा पुरत नाही, दोन एकात एक घालून द्यावे.

दिवाळीच्या फराळाचं गणित सगळं उलटं. चिवडा, चकली, लाडू, करंजी, सगळं कोरडं. तिथे ओपलच्या छोट्या प्लेट जिंकतात: १९ सेंटीमीटरच्या, पांढऱ्या, हातात धरून सोफ्यावर बसून खाता येणाऱ्या. म्हणून पूर्ण डिनर सेटऐवजी अशा छोट्या प्लेट सुट्या डझनभर घेतल्या तर वर्षभर न्याहारीलाही उपयोगी पडतात.

वाढून द्यायचं की मधे मांडायचं?

टेबलाची रुंदी मोजा. तीन फुटी टेबलावर समोरासमोर दोन ताटं ठेवली की मधे जेमतेम ३० सेंटीमीटरचा पट्टा राहतो. अडीच फुटी असेल तर १५. त्यात एक तर आमटीचं पातेलं बसेल नाहीतर फुलदाणी, दोन्ही नाही. रोज मधे पोळ्यांचा डबा, भाजी, आमटी ठेवून ज्याचं त्याने घ्यावं, फुलांचा हट्ट धरू नये. कुकरचं भांडं मात्र टेबलावर आणू नका. झाकणाची दोन बरी भांडी घेतली, तर इतर काही न बदलता रोजचं टेबल लगेच सुधारतं.

सणाला मी वाढून देण्याच्या बाजूची आहे. वरती मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजवीकडे भाज्या, आमटीची वाटी. मधे मूद, त्यावर वरण, वर तूप. ही मांडणी हीच सजावट. पंधरा मिनिटं आधी सगळी ताटं अशी वाढून टेबलावर लावली, फक्त भात, वरण, पुऱ्या आणि तूप लोक बसल्यावर वाढलं, तर मधल्या पट्ट्यात कुठलाही शोपीस लागत नाही. टेबल सहा जणांचं आणि माणसं बारा असतील तर सरळ दोन पंगती करा. मुलं आणि वडीलधारे आधी. बुफेत उभ्याने एका हातात प्लेट, त्यात दोन वाट्या आणि दुसऱ्या हाताने पुरी तोडायची, हे ज्यांना जमतं त्यांना माझा नमस्कार.

खालचं कापड, वरचा दिवा

रोज: पुसता येणाऱ्या विणीच्या मॅट. सण: सुती किंवा खणाच्या कापडाचा रनर, म्हणजे टेबलाच्या मधोमध घालायची लांब पट्टी. खणाचा रंग पहिल्या धुण्यात जाऊ शकतो, म्हणून तो मधल्या पट्ट्यात ठेवा, ताटाखाली नको. सुती कापडावर हळद सांडली आणि साबण लावला की डाग लाल होतो. घाबरू नका, धुऊन कडक उन्हात टाका, हळदीचा रंग उन्हात उडतो. बांबूच्या मॅट कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात बुरशी धरतात, त्या देशावरच्यांनीच घ्याव्या. हाताने जेवणाऱ्याला कागदी टिश्यूचा काही उपयोग नाही, बोटांनाच चिकटतो. सोलापूरचे छोटे टर्किश नॅपकिन घडी करून ठेवा.

फुलं झेंडू, शेवंती. निशिगंध आणि मोगरा दिवाणखान्यात, कारण त्यांच्या वासापुढे तुपाचा वास मरतो.

टेबलावर ६५०० केल्व्हिनची पांढरीफटक एलईडी असेल तर कुठलंही ताट आणा, वरण आजारी दिसणार. २७०० ते ३००० केल्व्हिनचा पिवळसर बल्ब लावा. या लेखातली ही सर्वात स्वस्त खरेदी आहे आणि फरक सर्वात मोठा.

ग्लासांचं सोपं आहे. रोज स्टीलचे पेले. सणाला सोलकढी, पन्हं, मठ्ठा काचेत, कारण सोलकढीचा गुलाबी रंग स्टीलमध्ये फुकट जातो. तांब्याच्या पेल्यात यातलं काहीच नको, पाणीच.

चार माणसांच्या आणि अधूनमधून पाहुणे येणाऱ्या घराने माझ्या हिशेबाने हे घ्यावं: आठ मॅट फिनिशची ताटं, चोवीस वाट्या (हो, चोवीस, एका सणाच्या ताटाला तीन लागतात), बारा ओपलच्या छोट्या प्लेट, झाकणाची दोन भांडी, आठ काचेचे ग्लास. लग्नात आलेला डिनर सेट आधीच माळ्यावर असेल तर तो खाली काढा. त्यातल्या छोट्या प्लेट आणि झाकणाची भांडी आजच वापरायला लागा, म्हणजे वरच्या यादीतल्या दोन वस्तूंची खरेदी कमी होईल. मोठ्या प्लेट पिझ्झा आणि पावभाजीच्या दिवशी उपयोगी पडतात, तिथे उभा काठ लागत नाही.