कास पठारावरची गाइड सेवा: गावातला माणूस सोबत घ्या, मग पठार दिसतं

साताऱ्याजवळच्या कास या फुलांच्या पठारावरच्या गाइड सेवेला मी पाचपैकी पाच देतोय, आणि का देतोय ते जरा सविस्तर लिहितो, कारण तिथं जाणाऱ्या बऱ्याच लोकांना ही सेवा आहे हेच माहीत नसतं. तिकीट काढतात, गेटमधून आत जातात, अर्धा तास फोटो काढतात आणि "फोटोत तर गालिचा दिसतो, इथं कुठंय" म्हणत परत फिरतात. मला फार वाईट वाटतं हे ऐकून. फुलं असतात हो, पायाशी असतात, दाखवणारं कुणीतरी पाहिजे.

आधी व्यवस्थेचं सांगून टाकतो. बुकिंग ऑनलाइन होतं, दिवसाला 3000 लोकांची मर्यादा आहे, वेळेचे स्लॉट असतात, आम्ही सप्टेंबरात आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळचा स्लॉट घेतला होता, माणशी 150 रुपये आणि गाइडचे वेगळे. गाडी लांब पार्किंगला लावायची आणि तिथून बसनं गेटपर्यंत. आईचे गुडघे दुखतात म्हणून मला जरा काळजी होती पण बसमुळं काही त्रास झाला नाही. पूर्वी गाड्या थेट पठारावर चढायच्या, लोक फुलांवरच चादर टाकून डबे उघडायचे, आम्ही सातारकरांनी ते सगळं बघितलंय, त्यामुळं पार्किंग लांब केलंय याची मला तरी कटकट वाटत नाही.

आणि हे चालवतं कोण, तर पठाराभोवतीची गावं. कास, एकीव, आटाळी, कासाणी या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या वनखात्याबरोबर हे काम बघायला लागल्या, पुढं आणखी गावं जोडली गेली. तिकीट तपासणारी पोरं, पार्किंगला शिट्टी मारणारे काका, गाइड, सगळे इथलेच. 2012 मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या 39 जागा जागतिक वारसा यादीत घेतल्या, त्यातल्या चार महाराष्ट्रात, कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. यादीत नाव आलं आणि पुण्यामुंबईची गर्दी लोटली, ती गर्दी एकट्या वनखात्याला आवरली नसती, ज्यांची गुरं पिढ्यान्‌पिढ्या इथं चरली त्यांनीच उभं राहून आवरली.

आता गाइड. आमचे दादा एकीवचे, घरी म्हशी आहेत, पावसाळ्यात हे काम आणि बाकी वर्षभर शेती. आत गेल्या गेल्या त्यांनी आम्हाला चालवलंच नाही, एका खडकावर बसवलं आणि म्हणाले, "आधी हितंच बगा, मग पुढं जाऊ. पाय दगडावरच ठेवा ताई, माती हितं बोटभरच हाय." भाची पुण्यात बीएस्सी करते, तिला वाटलं आपल्याला काय नवीन सांगणार, पण पुढची पंधरा मिनिटं तिनं मान वर केली नाही. जांभा खडक, त्याच्यावर पातळ मातीचा थर, पाणी साठतं तिथं साठतं आणि वाहतं तिथं सगळं धुऊन नेतं, त्यामुळं मातीत नत्र फारसं राहतच नाही, मग काही झाडं दुसरा मार्ग काढतात, बारीक जीव पकडून त्यांच्यातून नत्र घेतात. दवबिंदू नावाच्या रोपाच्या पानावर चिकट थेंब असतात त्याला किडा चिकटतो, आणि ती निळी सीतेची आसवं, जी सगळ्यांच्या फोटोत असतात, त्यांच्या मुळाशी ओल्या चिखलात बारीक फुगे असतात ते पाण्यातले जीव ओढून घेतात. हे दादांनी आम्हाला एकही रोप न उपटता सांगितलं, फक्त बोट दाखवून. शेजारी एक दुसरा ग्रुप होता गाइडशिवाय, ते त्याच आसवांवर उभे राहून सेल्फी काढत होते, दादांनी जाऊन शांतपणे त्यांना बाजूला घेतलं आणि त्यांनाही दोन मिनिटं सांगितलं, पैसे न घेता.

पुढं गेंद, तेरडा, कवला, चवर असं करत करत एका डबक्यापाशी थांबलो. तिथं वायतुरा होता. ही वनस्पती शास्त्रज्ञांनी नवी जाती म्हणून 1982 मध्ये नोंदवली, इथल्या सड्यांवरच्या, म्हणजे उघड्या खडकाळ पठारांवरच्या, पाणथळ जागांमध्ये वाढते आणि आज धोक्यात आलेल्या जातींमध्ये मोडते, पण दादांच्या आजीला ती त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होती. कंदीलपुष्प, म्हणजे कंदिलासारखं फूल येणारी दुर्मीळ कंदवर्गी वनस्पती, तिच्याबद्दल मी मुद्दाम विचारलं. दादांनी फोनमधला फोटो दाखवला, माशी फुलाच्या नळीत कशी उतरते, आतले केस खाली वळलेले असतात म्हणून तिला वर येता येत नाही आणि केस सुकले की परागकण घेऊन कशी सुटते ते सगळं समजावलं, पण जागा नाही दाखवली. "कंद उकरून न्हेत्यात लोकं, म्हणून जागा कुणाला दावत न्हाई, विद्यापीठातली मंडळी आली की त्यास्नी तेवडी दावतो." मला हे इतकं आवडलं की काय सांगू. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. एस. आर. यादव यांनी कंदीलपुष्पाच्या दुर्मीळ जाती बागेत जपल्या, वाढवल्या हे वाचलेलं होतं, पण त्या कामाचं दुसरं टोक असं गावातल्या माणसाच्या तोंडून ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही बोललो ते कुंपणावर. मध्ये काही वर्षं पठाराला जाळीचं कुंपण होतं, गर्दी आवरायला ते लागलं असेलही, पण गुरं बंद झाली. गावकरी म्हणायला लागले की गवत माजलं, उंच झालं आणि त्याच्याखाली बुटकी फुलं दबून गेली, काही अभ्यासकांचंही म्हणणं तसंच पडलं, की थोडी चराई या पठाराचा भागच आहे, हजारो वर्षं इथं गवे चरले मग गुरं चरली. शेवटी कुंपण काढलं. हे काही एका बैठकीत झालेलं नाही, वनखात्याला पर्यटक तुडवतील ही भीती होती आणि ती खोटी नव्हतीच, गावाला चाऱ्याची चिंता होती, अभ्यासकांना आकडे हवे होते, आणि तिघांनाही थोडं थोडं मागं सरकावं लागलं. दादा म्हणाले आमच्या घरची जनावरं आम्ही ऐन फुलांच्या दिवसात दुसऱ्या अंगाला नेतो. माझं मत विचाराल तर कुंपण काढलं ते बरंच झालं, पण त्याच्या जागी माणसं उभी पाहिजेत, म्हणजे हेच गाइड आणि हीच पोरं, आणि त्यांचा पगार तिकिटातून निघतो हे लक्षात ठेवून 150 रुपयांवर वाद घालू नका.

राग आला तो एका ठिकाणी. परतीच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलात थांबलो, नाव लिहीत नाही, मागच्या बाजूला उतारावर प्लास्टिकच्या बाटल्या आणि पत्रावळ्यांचा खच. तो उतार ओढ्याला मिळतो, आणि याच भागातल्या कास तलावाचं पाणी आम्ही सातारकर पितो. मालकाला सांगितलं, त्यानं ऐकून घेतलं, पुढं काय केलं देव जाणे. जेवायचं असेल तर गावातल्या बायका पिठलं, भाकरी, ठेचा करून देतात तिथं जेवा, भाकरी गरम, ताट स्टीलचं.

गाडीत भाचीनं विचारलं की मामा, हे पठार वाचलं ते फुलं सुंदर आहेत म्हणून, मग बाकीच्या सड्यांचं काय. अगदी बरोबर प्रश्न आहे. आपल्याकडं सडा म्हणजे पडीक जमीन असं कागदावर धरतात आणि मग तिथं काहीही उभं राहतं. सातारा जिल्ह्यातलंच चाळकेवाडीचं पठार घ्या, पवनचक्क्यांमुळं सगळ्यांना माहीत. गळ्याखाली निळा, काळा, नारिंगी पंखा उघडणारा सरडा, शास्त्रीय नाव सरडा सुपर्बा, याच पठारावरून 2016 मध्ये नवी जाती म्हणून जगासमोर आला. पुढं 2018 मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला, की पवनचक्क्या आहेत तिथं शिकारी पक्षी जवळजवळ चारपट कमी झाले, त्यामुळं सरड्यांची संख्या वाढली आणि त्यांची भीतीही कमी झाली. म्हणजे वरचा एक धागा ओढला की खालपर्यंत हलतं. तिथंही कास-एकीवसारखी गावं, खातं आणि अभ्यासक एकत्र बसले तर किती काय करता येईल, मला मनापासून वाटतं की चाळकेवाडीलाही असेच गाइड तयार व्हावेत, मी पहिल्या दिवशी तिकीट काढीन.

जाणाऱ्यांसाठी थोडं. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात हा काळ धरा, पण पावसावर सगळं आहे, रंग आठवड्याला बदलतो. टोपली कारवी हे झुडूप सात वर्षांनी एकदा फुलतं, त्यामुळं ते बघायचंच असेल तर आधी चौकशी करून जा. शनिवार रविवार टाळा, यवतेश्वरच्या घाटात गाड्या अडकतात. धुकं आलं तर घाबरू नका, दादा म्हणतात दहा मिनिटं थांबा, उघडतं. चप्पल नको, बूट घाला, छत्रीपेक्षा रेनकोट बरा कारण वारं छत्री उलटी करतं. गेटवर गेल्यावर गाइड आहे का असं विचारू नका, गाइड द्या म्हणून सांगा, मोठा ग्रुप असेल तर दोन घ्या म्हणजे मागच्यांनाही ऐकू येतं. वर मोबाइलला रेंज कधी असते कधी नसते, त्यामुळं तिकीट आधीच डाउनलोड करा आणि गाइडसाठी, भाकरीसाठी सुटे पैसे जवळ ठेवा.